पेटी, पडदा आणि ग्रंथपाल

शाळेत नवे यंत्र आले की त्याच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते: आता पुस्तकांचे दिवस संपले. आम्ही शालेय ग्रंथपाल हे वाक्य दूरचित्रवाणीच्या वेळी ऐकले, संगणकाच्या वेळी ऐकले आणि आता टॅबलेटच्या वेळीही ऐकतो आहोत. त्यावर पुस्तकाची थोरवी गाऊन उत्तर देण्याचा प्रघातही तितकाच जुना आहे. आम्हांस मात्र वाटते की दोन्ही पक्ष हा वाद चुकीच्या जागी मांडत आहेत. यंत्र आणि ग्रंथ यांचे मुळात वैर आहे, हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानात हे दोघे एकाच खात्यात, एकाच छपराखाली नांदत होते. ते संस्थान म्हणजे सयाजीराव गायकवाडांचे बडोदे.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. मुले शाळेत येऊ लागली. पण एक नवाच प्रश्न उभा राहिला. चार इयत्ता शिकलेले मूल शेतावर किंवा घरकामाला जुंपले गेले की त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा कागद येत नसे आणि शिकलेली अक्षरे हळूहळू पुसून जात. साक्षरता टिकवायची तर शाळेनंतरही वाचायला काहीतरी हाती पडले पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला. म्हणजे बडोद्यातील ग्रंथालय ही शिक्षणाची शोभा नव्हती. शिक्षणावर केलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून केलेली ती तरतूद होती. याच काळात सयाजीरावांनी अमेरिकेचा दौरा केला आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. पुढे १९१० साली कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास आणले.

बॉर्डन बडोद्यात जेमतेम तीन वर्षे राहिले. त्या अवधीत त्यांनी काय केले, यापेक्षा कोणत्या क्रमाने केले, हे आम्हांस अधिक बोलके वाटते. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातील हा पहिला असा वर्ग मानला जातो. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडवीतील इमारत १९३१ सालची. म्हणजे इमारतीच्या वीस वर्षे आधी माणसे तयार होऊ लागली होती. ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरण रचले. १९१२ साली 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी काही वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, अशी योजना होती. जेथे ग्रंथालय उभे राहू शकत नव्हते तेथे पुस्तकांची लाकडी पेटी फिरत असे. तिच्या वाहतुकीचा खर्च सरकारच सोशी.

या पेटीच्या जोडीने फिरत असे पडदा. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. चित्रपट दाखविण्याचे यंत्र, दोन डोळ्यांनी पाहिले की चित्राला खोली देणारा स्टिरिओस्कोप, आणि कल्याणच्या पटवर्धनांनी ज्याला 'शांभरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले होते तो जादूचा कंदील, ही सारी त्या काळची अद्ययावत साधने या शाखेकडे होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशांपर्यंतही ग्रंथालयाने पोहोचावे, हा त्यामागील हेतू. येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्रपट हे त्या काळी नवलाचे यंत्र होते. तरी ते ग्रंथालयाचा प्रतिस्पर्धी म्हणून आले नाही, ग्रंथालयाचेच एक अंग म्हणून आले. पेटी पाठवणारे आणि पडदा लावणारे खाते एकच असल्याने पाहण्याकडून वाचण्याकडे जाण्याची वाट मोकळी राहिली.

या प्रयोगाचे भाबडे गुणगान आम्हांस करावयाचे नाही. संस्थानाचा खजिना आणि एका राजाची इच्छा यांवर तो उभा होता. परंतु नंतरच्या योजनांशी ताडून पाहिले की त्याचे वेगळेपण उठून दिसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचली. शाळकरी मुलांसाठी सकाळी कार्यक्रम असत; शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यात अंतर्भूत होते. विचार दूरदृष्टीचा होता. पण उपग्रह अमेरिकेकडून वर्षापुरता घेतलेला होता आणि मुदत संपताच तो परत गेला. १९८४-८५ साली 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. १९८७ च्या 'खडू-फळा' मोहिमेने वर्गखोल्या, शिक्षक आणि साहित्य यांबरोबर ग्रंथालयाची पुस्तकेही देऊ केली. २००४ साली खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' अवकाशात गेला. २०१० साली त्याचे कार्य संपले. प्रत्येक वेळी यंत्राचे आयुष्य योजनेच्या कागदात मोजले गेले. यंत्र बंद पडल्यावर, किंवा बंद पडू नये म्हणून, त्याच्याजवळ कोणी उभे राहावे याची मोजदाद मात्र क्वचितच झाली.

याचा सर्वांत ठळक पुरावा कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. शिक्षकसंख्येचे निकषही त्यात आहेत. ग्रंथपाल मात्र त्यात कोठेच नाही. ग्रंथालय आवश्यक आणि ग्रंथपाल अनावश्यक, असा याचा अर्थ होतो. १९११ साली जे आधी सुचले, ते २००९ साली शेवटीही सुचले नाही.

ग्रंथपाल हवा कशाला, असे कोणी विचारील. साहित्याच्या शिक्षकांना परिचित असलेले एकच उदाहरण देतो. विद्यार्थी मोबाइलवर आलेला एखादा उतारा घेऊन येतो, खाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांचे नाव असते. उतारा त्यांचा नसतो. 'हे खोटे आहे' एवढे सांगून भागत नाही. त्याला कपाटापाशी न्यावे लागते, लेखकाची पुस्तके बाहेर काढावी लागतात, अनुक्रमणिका चाळावी लागते, आवृत्तीचे पान दाखवावे लागते. अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात येते की मजकुराला नाव असणे आणि मजकुराला मूळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज विचारताक्षणी नीटनेटके उत्तर लिहून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. 'हे कुठून आले?' हा प्रश्न त्यामुळे जुना होत नाही, उलट अधिक निकडीचा होतो. आणि तो विचारण्याची सवय यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही, ती कोणीतरी लावावी लागते.

म्हणून यंत्र नको, असा हट्ट आम्ही धरीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्या कामाला जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. तेथेही छापील पान आणि पडदा एकमेकांचे सोबती झाले, कारण दोहोंच्या मध्ये एक शिक्षक उभा होता. आमचे मागणे एवढेच की शाळेसाठी यंत्राची यादी करताना तिच्यात एका माणसाचीही ओळ असावी. पेटी आणि पडदा गावोगाव नेणाऱ्या बडोद्याने ती ओळ सर्वांत वर लिहिली होती.