पुरुषहक्कवाद, महाराष्ट्रातील
आधुनिक स्त्रीवादाच्या दबावातून झालेले कायदे पुरुषाला चौकशीआधीच दोषी ठरवतात, असे मानणारा विचारप्रवाह. त्याचा मुख्य रोख पती व सासरच्यांकडून होणाऱ्या विवाहितेच्या छळाविरुद्धच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९८-अ वर (१९८३; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, कलमे ८५ व ८६) आहे. म्हातारे सासू-सासरे, लग्न होऊन गेलेल्या नणंदा यांनाही फिर्यादीत गोवले जाते, ही त्याची सर्वांत वजनदार तक्रार. अर्णेशकुमार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला लगाम घातला. २०१७ मध्ये न्यायालयाने अशा तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवण्यास सांगितले. त्याविरुद्ध अहमदनगरच्या ‘न्यायाधार’ या महिला वकिलांच्या संस्थेने दाद मागितली आणि २०१८ मध्ये ती तरतूद रद्द झाली. छत्रपती संभाजीनगरजवळ करोडी येथे पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम आहे. वटपौर्णिमेच्या सुमारास तेथील पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या घालतात.

खोट्या फिर्यादीने घर उद्ध्वस्त होते, हे नाकारता येत नाही. पण त्यावरून स्त्रीवादच अन्यायकारक ठरवणे चुकीचे आहे. स्त्रीवादाची मुळे पीडित स्त्रियांना आधार देण्यात आहेत: निराधार विधवांना आसरा देणारे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातील केडगावी आजही चालू आहे.