चेकच्या तळची ओळ

चेकच्या अगदीं तळाशीं ठोकळेवजा आंकड्यांची जी एक ओळ असते, तिजकडे आमचें लक्ष कित्येक वर्षें गेलेंच नव्हतें. रक्कम, तारीख व सही पाहिली, कीं चेक पाहून झाला, अशी आपली समजूत! वस्तुतः ती ओळ यंत्रासाठीं छापलेली असते. तरीहि ती आपणांस वाचतां येते, ही गोष्ट सहज घडलेली नाहीं.

१९५० च्या सुमारास अमेरिकेंत चेकांचा असा पूर लोटला कीं, कारकुनांच्या हातून तो आवरेना. कॅलिफोर्नियांतील बँक ऑफ अमेरिकेनें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेस यावर यंत्र शोधण्यास सांगितलें. तोंवर खातीं नांवांच्या वर्णानुक्रमानें लावलेलीं असत. हा क्रम यंत्रास सोयीचा नव्हता, म्हणून प्रत्येक खात्यास क्रमांक देण्याचें ठरलें. गिऱ्हाइकाचें नांव मागें पडलें तें येथें. आणि आम्हांस यंत्राच्या करामतीपेक्षां हाच फेरफार मोठा वाटतो.

हा क्रमांक छापावा कसा? प्रथम यंत्रासच कळणाऱ्या रेघांचा विचार झाला. पण यंत्र अडलें, तर माणसानें वाचावें काय? अखेर लोहकणमिश्रित शाईनें आंकडेच छापावे, अशी तोड निघाली. यंत्रांत शिरतांच या शाईस चुंबकत्व येतें. मग आंकड्याच्या उभ्या कडा जशा जाड वा बारीक, तशी विजेची लहर उठते. प्रत्येकाची लहर निराळी यावी, म्हणून आकृति मुद्दाम बेढब ठेविल्या. वर शिक्क्याची साधी शाई सांडली, तरी यंत्रास ती दिसत नाहीं! १९५६ मध्यें अमेरिकन बँकर्स असोसिएशननें ही रीत स्वीकारली. दहा आंकडे व चार चिन्हें एवढीच तिची वर्णमाला. तिचें नांव ई-१३बी. आकृति ०.०१३ इंचाच्या चौकडींवर बेतलेल्या, म्हणून नांवांत तेरा.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें ही पद्धति १९८० नंतरच्या दशकांत आली. वाचकांनीं आपलें चेकबुक उघडून पाहावें. डावीकडे सहा आंकडी चेक-क्रमांक. मग नऊ आंकडे, त्यांत पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर हे नऊ आंकडे ४०० नें सुरू होतात, म्हणजे टपालाच्या पिनकोडाचेच पहिले तीन. उजव्या टोकाचे दोन आंकडे चेकचा प्रकार सांगतात.

२००८ पासून, प्रथम दिल्लींत, चेकाऐवजीं त्याचें चित्रच बँकांबँकांत फिरूं लागलें. कागद जेथल्या तेथें राहतो. तळची ओळ मात्र आजहि त्याच शाईनें छापली जाते.