सुरतेला माणसं आणणारे : ओळख आणि हिशेब



सुरतेत आजकाल गणपतीच्या मांडवावर, रक्तदान शिबिराच्या बॅनरवर, शाळेच्या वह्यावाटपाच्या फोटोत मॅनपॉवर एजन्सींची नावं दिसतात. उधना, पांडेसरा, सचिन या बाजूला तर गल्लीगल्लीत पाट्या आहेत. नोकरी लावून देणार, माणसं पुरवणार. कोणी म्हणतं, चला, निदान समाजासाठी काही करतात. कोणी म्हणतं, आमच्याच पगारातून कापलेले पैसे आम्हालाच वाटतात. दोन्ही बाजू ऐकल्या. माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट नवी नाही. सुरतेतल्या आपल्या खान्देशी वस्त्या ज्यांनी वसवल्या, त्यात भरती करणाऱ्यांचा हात फार मोठा होता. फक्त तेव्हा त्यांना एजन्सी म्हणत नसत, मुकादम म्हणत.

सुरत म्हटलं की शाळेत शिकलेलं १६६४ आणि १६७० आठवतं. पण आपल्या आजी-आजोबांची सुरत वेगळी. ती सुरू होते तापी व्हॅली रेल्वेपासून, म्हणजे साधारण १९०० सालापासून. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली आणि मग उधना. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मवर चार पावलं टाकली की राज्य बदलतं! या एका रुळाने खान्देशच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची केली. गावात कोणाचा पोरगा दिसेनासा झाला की विचारायची गरज नसे. ‘तो सुरतले शे’ एवढं उत्तर पुरे.

पण रेल्वे असली म्हणून कोणी उठून परमुलखात जात नाही. पलीकडे कोणीतरी ओळखीचा लागतो. १९६१ च्या जनगणनेत सुरत शहर ३ लाखांच्या आत होतं, २०११ ला ते ४४ लाखांवर गेलं. हद्द वाढली हे खरं, पण आर्ट सिल्कचे लूम, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, रिंग रोडवरची कापड मार्केटं यांनी माणसं ओढली हेही तितकंच खरं. इकडे खान्देशात १९७२ चा दुष्काळ पडला. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव इथल्या जुन्या कापडगिरण्या पुढच्या काळात एकामागून एक अडचणीत येऊन बंद पडत गेल्या. हाताला यंत्राची सवय असलेला माणूस आणि कोरडवाहू शेतीवाला माणूस, दोघेही एकाच गाडीत बसले. त्यांना गाडीत बसवणारा होता मुकादम, नाहीतर आधी गेलेला मामा, मेहुणा, गाववाला.

मुकादमकी सुरतेपुरती नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम जॉबर करत. माणूस भरायचा जॉबरने, काढायचा जॉबरने, खोली आणि उसनवारीही त्याच्याच ओळखीने. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातून भरती काढून घ्यावी असंच सांगितलं. दुसरीकडे मुंबईतले गोवेकरांचे कूड बघा. गावाच्या नावाची मोठी खोली, त्यात एक पेटी आणि झोपायला जागा, बोटीवर काम मिळेपर्यंत मुक्काम. तिथे गाव स्वतःच आपल्या माणसाला आधार देत होतं. म्हणजे दोन नमुने होते. एकात माणूस एका व्यक्तीच्या मुठीत, दुसऱ्यात गावाच्या सावलीत. आपल्या सुरतेत या दोन्हींची सरमिसळ झाली.

मुकादमाचं सगळ्यात उघड रूप सुरत जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात दिसलं. बारडोली आणि आसपासचे सहकारी साखर कारखाने तोडीसाठी खान्देशातून, डांगातून माणसं आणत. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादम गावात येई आणि उचल देई. हिशेब माणसावर नाही, कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, सोबत एखादं पोर. दिवाळीच्या सुमारास ट्रकमधून निघायचं, उन्हाळा लागेपर्यंत फडावर राहायचं, आणि शेवटी उचल, तिचं व्याज, मधे मधे घेतलेलं धान्य हे सगळं वजा होऊन जे उरेल ते घ्यायचं. कित्येकदा काही उरत नसे, उलट पुढच्या हंगामासाठी बाकी निघे. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातेत वर्षानुवर्षं हिंडून हे लिहून ठेवलं. बारडोलीच्या ऊसतोडीवरचा त्यांचा लेख १९७८ चा आहे. 

शहरातला मुकादम थोडा वेगळा. मी कॉमर्सची पदवी घेऊन बँकेत लागलो आणि पुढे उधन्याच्या बाजूच्या शाखेत बरीच वर्षं काढली. त्यामुळे त्याला मी काउंटरच्या अलीकडून पाहिला. तेव्हा बचत खातं उघडायला ‘ओळख देणारा’ लागायचा. ज्याचं खातं आधीपासून आहे त्याने फॉर्मवर सही करायची की मी या माणसाला ओळखतो. गावाहून कालच आलेल्या पोराला सुरतेत कोण ओळखणार? तर मुकादम. एका सकाळी एक मुकादमअप्पा दहा-बाराजणांना घेऊन आले. सगळ्यांचा तालुका एक, सगळ्यांचा पत्ता एकच खोली, आणि ओळखीच्या रकान्यात सगळीकडे अप्पांची एकच वळणदार सही. रेशनकार्ड, खोलीचं भाडं, पोराचा शाळेत दाखला, सगळीकडे हीच सही चालायची. परमुलखात माणसाला नाव मिळतं ते असं.

आता त्याची दुसरी बाजू. त्या दहा-बारा पासबुकांची एक कापडी पिशवी होती आणि ती अप्पांकडे असायची. पगाराच्या दिवसानंतर अप्पा सगळ्यांचे पैसे काढायच्या स्लिपा भरून आणायचे. सही करणाऱ्यांचं काम होऊन जाई. पण अंगठा लावणाऱ्या खातेदाराला नियम वेगळा होता. त्याने स्वतः यायचं, पासबुकावरच्या फोटोशी चेहरा जुळवायचा आणि आमच्यासमोर अंगठा उठवायचा. अप्पा चिडायचे. ‘साहेब, त्याचा खाडा होतो, मी काय चोर आहे का?’ मी म्हणायचो, ‘अप्पा, तुम्ही चोर नाही, पण नियम नियम आहे.’ गंमत पाहा, शिकलेल्याचे पैसे पिशवीतून जात होते आणि अंगठेबहाद्दर मात्र आपले पैसे स्वतः मोजून घेत होता. त्यातल्या एकाने पहिल्यांदा नोटा हातात घेतल्या आणि विचारलं, ‘इतलाच शेतस का?’ त्याला सांगितलेला आकडा आणि खात्यातला आकडा यांत फरक होता.

म्हणून अप्पांना खलनायक करायला मी तयार नाही. यंत्रात हात सापडला तर माणसाला मजुरा गेटच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन जाणारे अप्पाच. कोणी इथे वारला तर वर्गणी काढून मयत गावी पाठवणारे अप्पाच. मिलवाला दारात येत नसे. लिंबायत, नवागाम, डिंडोलीत कानबाईचा उत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्गणीच्या यादीत वर नाव कोणाचं असायचं? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजले जातात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गावाकडे भाऊबंदकीने होणारं हे सगळं इथे खोलीतल्या गाववाल्यांनी केलं, कारण खोलीच भाऊबंदकी झाली होती. महापालिकेच्या मराठी शाळांच्या वर्गात पोरं भरली तीही याच खोल्यांतून. सुरतेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. कुठल्या मुलखातून माणसं आणली गेली याची ती यादीच आहे.

माझ्या बँकेच्या डोक्याने मी याचा असा अर्थ लावतो. मुकादमाने ओळख दिली, हिशेब दिला नाही. देणगी, वर्गणी, मदत सगळं केलं, पण वही उघडून दाखवली नाही.

हे सरकारला कळत नव्हतं असंही नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. परराज्यातून पाच किंवा जास्त कामगार आणणाऱ्या कंत्राटदाराला परवाना सक्तीचा. जाण्यायेण्याचा खर्च त्याने द्यायचा. घर सोडल्याबद्दल महिन्याच्या पगाराच्या निम्मे किंवा ७५ रुपये, यातली जास्त असेल ती रक्कम वेगळी द्यायची. राहायची आणि औषधपाण्याची सोय करायची. मोठा अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायचं. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे प्रत्येक कामगाराला त्याचा फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर, कापलेली रक्कम, परतीचं भाडं लिहायचं, आणि ते हिंदी-इंग्रजीबरोबर कामगाराच्या स्वतःच्या भाषेतही असायला हवं. म्हणजे सुरतेतल्या खान्देशी माणसाच्या खिशात मराठी पासबुक! एवढ्या वर्षांच्या नोकरीत शेकडो कामगारांनी माझ्यासमोर खिसे रिकामे करून कागद काढले. बिड्यांची बंडलं निघाली, देवीचे फोटो निघाले, गावाकडची पत्रं निघाली. ते पासबुक एकदाही निघालं नाही.

ते नसण्याची किंमत संकटात कळली. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये दोन-चार दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. आमच्याकडे पैसे काढायला रांग, आणि रांगेत अर्ध्यांचा पगार मुकादमाकडे अडकलेला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी तापीत सोडलं गेलं आणि बहुतेक शहर बुडालं. त्यानंतर लोक चिखलात भिजलेली पासबुकं, रेशनकार्डं घेऊन आले. बँकेकडे नोंद होती, आम्ही नवी पासबुकं दिली. पण जिथे मजुरीची नोंद फक्त कोणाच्या तरी वहीत होती आणि ती वही वाहून गेली, तिथे कोण काय देणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर एप्रिलमध्येच सुरतेत कामगार रस्त्यावर उतरले, पगार द्या आणि गावी जाऊ द्या म्हणून. ज्यांनी त्यांना आणलं त्यांतल्या कित्येकांचे फोन बंद होते. कोण कुठून आला, कोणी आणला, याची एकत्र नोंदच नव्हती. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल आलं. १९७९ चा कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावला गेला.

मग काम मिळवून देणाऱ्याने समाजासाठी करावं तरी काय? याचा एक नमुना आपल्या शेजारीच आहे. उदयपूरची आजीविका ब्यूरो ही संस्था २००५ पासून स्थलांतरित मजुरांसाठी काम करते, आणि सुरतेतही करते. मजुरांना फोटोची ओळखपत्रं, कसबाचं शिक्षण, काम मिळवून देणं, आणि मजुरी बुडाली तर ती वसूल करायला कायद्याची मदत. बघा, यात ओळखही आहे आणि हिशेबही.

आजच्या एजन्सीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यातले बरेच आपल्याच मुकादमांची नातवंडं आहेत. शर्ट इन केलेला, लॅपटॉप उघडलेला, बोलणं गोड. पगार आता खात्यात येतो, पिशवी गेली. पण एटीएम कार्ड आणि पिन एजन्सीवाल्याकडे ठेवलेली पोरं माझ्या माहितीत आहेत, म्हणजे पिशवी फक्त लहान झाली. दुसरीकडे अप्पांची जी चांगली बाजू होती, रात्री दोन वाजता हॉस्पिटलात धावणं, ती बॅनर छापून येत नाही.

म्हणून वह्या जरूर वाटा, रक्तदान घ्या, कानबाईला वर्गणी द्या. पण त्याआधी दर महिन्याला प्रत्येक पोराला एक कागद द्या. मालकाने किती दिले, तुम्ही किती ठेवले, पीएफ कुठे भरला, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा. आणि तो कागद त्याच्या भाषेत द्या. तो ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी मी स्वतः त्या एजन्सीचा हार घेऊन सत्कार करीन.

आता तुमची पाळी. तुमच्या घरातला पहिला माणूस सुरतेला कोणत्या साली आला, कोणत्या स्टेशनात गाडीत बसला, आणि त्याची ओळख कोणी दिली, हे खाली लिहा. घरात जुनं पासबुक, मुकादमाच्या वहीचं एखादं पान असेल तर फोटो टाका, खातेनंबर झाकून. आपला हिशेब आता आपणच लिहून ठेवायला हवा.