विद्या आणि सक्ती : सेव्हिलचे बिशप इसिडोर

श्रोतेहो, पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयाला जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली होती. जुन्या पाठशाळा ओस पडत चालल्या होत्या. अशा काळात, इ. स. ५६० च्या सुमारास, स्पेन देशात इसिडोर यांचा जन्म झाला. त्यांना वाढविले आणि शिकविले ते वडील बंधू लिआंदर यांनी. लिआंदर हे सेव्हिलचे बिशप होते. स्पेनचे व्हिसिगॉथ राजे एरियसच्या मताचे, तर बहुसंख्य प्रजा कॅथोलिक. ५८७ साली राजा रेकारेद याने कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, आणि ५८९ च्या तोलेदो येथील तिसऱ्या धर्मसभेत त्या ऐक्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी बंधूंचे धर्मासन इसिडोर यांच्याकडे आले.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'व्युत्पत्ती'. व्याकरण, गणित, वैद्यक, कायदा, पशुपक्षी, शेती, नौका, एवढेच काय, घरातील भांडीकुंडीसुद्धा त्यात आली आहेत. शब्दाचे मूळ सापडले की वस्तूचे मर्म सापडते, अशी त्यांची धारणा होती. यास्काचे निरुक्त जाणणाऱ्यांना ही वाट अपरिचित वाटणार नाही. अर्थात त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. रात्र डोळ्यांना अपाय करते, म्हणून तिचे लॅटिन नाव 'अपाय करणे' या क्रियापदापासून आले, असे ते सांगतात! परंतु विखुरलेल्या ज्ञानाची त्यांनी केलेली साठवण शतकानुशतके युरोपला पुरली. सारागोसाचे बिशप ब्राउलियो यांनी तो ग्रंथ संपादून प्रसृत केला. त्याचे वीस भाग आहेत.

आता एका कठीण प्रसंगाकडे वळू. राजा सिसेबुत स्वतः विद्याव्यासंगी. इसिडोर यांनी निसर्गविषयक ग्रंथ त्यालाच अर्पण केला होता. त्याच राजाने ज्यूंना बळजबरीने बाप्तिस्मा देवविला. इसिडोर यांनी आपल्या गॉथांच्या इतिहासात स्पष्ट नोंदविले, की राजाजवळ उत्साह होता, पण ज्ञानाची जोड नव्हती. ज्यांना समजावून आणावयाचे त्यांना त्याने बळाने आणले. ६३३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या तोलेदोच्या चौथ्या धर्मसभेने यापुढे कोणावरही श्रद्धेची सक्ती करू नये असे ठरविले.

मात्र सत्य पुरतेच सांगितले पाहिजे. आधी सक्तीने बाप्तिस्मा झालेल्यांना परत जाण्याची मुभा त्याच सभेने नाकारली, आणि मुलांना आईबापांपासून दूर करण्याचे नियमही केले. तत्त्व कळले होते. ते शेवटपर्यंत पाळण्याचे धैर्य झाले नाही. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना ही उणीव झाकणे म्हणजे त्याचा आदर करणे नव्हे.

त्याच सभेने धर्मसेवेसाठी येणाऱ्या तरुणांनी अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली एकत्र राहून शिकावे, असाही नियम केला.

४ एप्रिल ६३६ रोजी इसिडोर निवर्तले. अखेरच्या दिवसांत त्यांनी गोणपाट पांघरून, अंगावर राख घेऊन सर्वांसमक्ष क्षमा मागितली, ऋणकोंना ऋणमुक्त केले आणि उरलेले द्रव्य गरिबांत वाटले. १७२२ साली ख्रिस्तसभेने त्यांना आचार्यपद दिले.

श्रोतेहो, छडीच्या धाकाने पाठ वदवून घेता येतो, पण तो विद्यार्थ्याच्या मनात उतरत नाही, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. श्रद्धेची गोष्ट तर त्याहून नाजूक. सिसेबुताला ते उमगले नाही. त्याचा दोष लिहून ठेवणाऱ्या इसिडोर यांना ते उमगले होते, आणि म्हणूनच त्यांच्या सभेचे ते उरलेले नियम आपल्याला अधिक सलतात.