केस चालू असताना पासपोर्ट : टिळकांपासून राहुरी कोर्टापर्यंत

गेल्या महिन्यात राहुरीत चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचारलं, "काय हो पत्रकार, आंदोलनाची केस असली की पासपोर्ट कायमचा गेला का?" ऊसदरासाठी नगर-मनमाड रोडवर रास्ता रोकोला बसले होते, त्याच्या तारखा अजून चालूच. पोरगी परदेशात, तिचं बाळंतपण तोंडावर आणि यांच्या पासपोर्टची मुदत संपलेली. एका एजंटाने सल्ला दिला होता, "फॉर्मात केस लिहूच नका."

त्या सल्ल्यावर येतोच. आधी शंभर वर्षं मागे जाऊ.

आपल्याकडे पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धात. तेव्हा पासपोर्ट म्हणजे निव्वळ सरकारची मर्जी. 1918 च्या उन्हाळ्यात लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळी होमरूलची मागणी घेऊन इंग्लंडला निघाली. पासपोर्ट मिळाले होते. कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथे कळलं की पासपोर्ट रद्द! ना सुनावणी, ना दाद. सगळे परत.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी टिळक इंग्लंडला गेलेच. कशामुळे? कोर्टातल्या खटल्यामुळे. व्हॅलेंटाइन चिरोलच्या पुस्तकातल्या मजकुरावर त्यांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला होता, त्यासाठी पासपोर्ट द्यावा लागला. वर अट, की राजकीय चळवळ करायची नाही. ही अट नंतर उठली, पण 1919 मध्ये टिळक तो दावा हरले. म्हणजे त्यांना कोर्टाच्या कामाने वाट मिळाली आणि आपल्या शेतकऱ्याची वाट कोर्टाच्या कामाने अडली.

स्वातंत्र्यानंतर मर्जीचा कारभार लगेच संपला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. 1967 पर्यंत पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचा धड कायदाच नव्हता. 10 एप्रिल 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा निकालात सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही. सरकारची धावपळ झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. पुढे जुलै 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता काढून घेतला गेला. त्यावर जानेवारी 1978 मध्ये सात न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्यात आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. नुसता कायदा असून भागत नाही, त्याची पद्धतही न्याय्य हवी, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता आपल्या कामाचं. 1967 च्या कायद्याचं कलम 6(2)(फ) म्हणतं, फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारावा. एजंट इथपर्यंतच वाचतात. पण 25 ऑगस्ट 1993 ची केंद्राची अधिसूचना पुढची वाट देते : जिथे खटला चालू आहे त्या कोर्टाची परवानगी आणा, बोलावल्यावर हजर राहीन असं हमीपत्र द्या, पासपोर्ट मिळेल. नुसता गुन्हा दाखल असेल, कोर्टाने अजून दखल घेतलेली नसेल, तर हे कलम लागतच नाही. परराष्ट्र मंत्रालयाने 2019 मध्ये हे लेखी कळवलंय.

मेख आहे ती मुदतीत. कोर्टाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसली की पासपोर्ट एकाच वर्षाचा हातात पडतो. मग दरवर्षी वकील, अर्ज, तारीख. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे नूतनीकरणाचा आदेश दिला असेल तर मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचाच द्यायला हवा. म्हणून अर्जातच "नियमाप्रमाणे दहा वर्षांसाठी" असं मागा. वकिलाला दोनदा आठवण करून द्या, गर्दीत राहून जातं. आणि जामिनाच्या अटीत देश सोडू नये असं असेल, तर प्रवासाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हेही विसरू नका.

आता त्या एजंटाचा सल्ला. केस लपवली आणि पोलीस पडताळणीत निघाली, तर खोटी माहिती दिल्याचा नवा गुन्हा. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. रास्ता रोकोच्या केसमध्ये माणूस ताठ मानेने उभा राहतो, या केसमध्ये काय तोंड दाखवणार? एजंट तर तेव्हा फोनही उचलणार नाही.

आमच्या शेतकऱ्याने फॉर्ममध्ये केस लिहायचं ठरवलंय. वकिलांनी गेल्या आठवड्यात राहुरी कोर्टात अर्ज दिला. पुढची तारीख सोमवारची आहे, बाळंतपणाची त्यानंतर सहा आठवड्यांची.