ऑक्सफर्ड स्वल्पविराम

ऑक्सफर्ड स्वल्पविराम म्हणजे इंग्रजी वाक्यात तीन किंवा अधिक घटकांची यादी देताना शेवटच्या घटकापूर्वी येणाऱ्या ‘ॲण्ड’ अथवा ‘ऑर’ या उभयान्वयी अव्ययाच्या आधी दिला जाणारा स्वल्पविराम. यास मालिका स्वल्पविराम असेही म्हणता येते. तो द्यावा की देऊ नये, हा इंग्रजी शिकणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न आहे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही पद्धती शुद्ध मानल्या जातात. मात्र एकाच लेखनात एकच पद्धत पाळणे अपेक्षित असते.

नाव आणि प्रचार

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने हा स्वल्पविराम आपल्या शैलीचा भाग म्हणून जपल्यामुळे त्यास हे नाव मिळाले. तेथील मुद्रणप्रमुख होरेस हार्ट यांनी खिळे जुळवणाऱ्यांसाठी व मुद्रितशोधकांसाठी तयार केलेली नियमावली १८९३ मध्ये अंतर्गत वापरासाठी छापली गेली आणि १९०४ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाची शैलीपुस्तिका आणि मानसशास्त्रादी विषयांतील शोधनिबंधांसाठी वापरली जाणारी एपीए शैली या दोन्ही तो आवश्यक मानतात. याउलट असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साध्या यादीत तो टाळते व अर्थ संदिग्ध होत असेल तरच देते. ब्रिटिश वृत्तपत्रांचा कलही साधारणपणे असाच आहे. म्हणजे हा भेद ब्रिटिश विरुद्ध अमेरिकन असा सरळ नाही, कारण चिन्हाचे नावच इंग्लंडमधील मुद्रणालयावरून पडले आहे.

भारतात अनेक पिढ्यांनी अभ्यासलेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात ‘ॲण्ड’पूर्वी सामान्यतः स्वल्पविराम देऊ नये असे सांगितले आहे. त्यामुळे शाळेत एक आणि पुढे शोधनिबंध लिहिताना दुसरी पद्धत असा अनुभव विद्यार्थ्यांना येतो.

अर्थभेद

‘आय थँक्ड माय ब्रदर्स, रमेश ॲण्ड सुरेश’ या वाक्यात रमेश व सुरेश ही भावांचीच नावे आहेत असा अर्थ होऊ शकतो. ‘रमेश’नंतर स्वल्पविराम दिल्यास भाऊ वेगळे आणि रमेश, सुरेश वेगळे हे स्पष्ट होते. परंतु हे चिन्ह संदिग्धता नेहमीच दूर करते असे नाही. ‘ब्रदर्स’ऐवजी एकवचनी ‘ब्रदर’ घेतल्यास ‘माय ब्रदर, रमेश, ॲण्ड सुरेश’ अशा रचनेत उलट हाच स्वल्पविराम रमेश हे भावाचे नाव असल्याचा भास निर्माण करतो. अशा ठिकाणी वाक्यरचना बदलणे हाच उपाय उरतो.

मेन राज्यातील खटला

या चिन्हाच्या अभावाचे एक महागडे उदाहरण अमेरिकेतील मेन राज्यात घडले. तेथील कायद्यानुसार आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक काम केल्यास दीडपट मजुरी द्यावी लागते; मात्र नाशवंत खाद्यपदार्थ, मांस, मासे व शेतमाल यांसंबंधीच्या काही कामांना सूट होती. त्या कामांच्या यादीचा शेवट ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा होता. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता.

पोर्टलंड येथील ओकहर्स्ट डेअरी या कंपनीच्या वाहनचालकांनी २०१४ मध्ये जादा मजुरीसाठी दावा दाखल केला. ते मालाचे वितरण करीत, बांधणी नव्हे. सूट आहे ती पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेल्या बांधणीला, प्रत्यक्ष वितरणाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यादीतील इतर सर्व कामे ‘-इंग’ प्रत्ययाची धातुसाधिते आहेत आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ तसे नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कंपनीच्या मते वितरण हे यादीतील शेवटचे स्वतंत्र काम होते, अन्यथा यादीच्या अखेरच्या घटकापूर्वी ‘ऑर’ उरतच नाही. राज्याच्या विधिलेखन पुस्तिकेत मालिका स्वल्पविराम टाळण्याची सूचना असल्याचा आधारही तिने घेतला. हे दोन्ही युक्तिवाद तोलामोलाचे होते.

जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. १३ मार्च २०१७ रोजी पहिल्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. कायद्याचे शब्द संदिग्ध असून कामगारांचे संरक्षण हा त्याचा हेतू असल्यामुळे अर्थ चालकांच्या बाजूने लावावा, असे न्यायालयाने म्हटले. स्वल्पविराम हवाच होता, असा निवाडा न्यायालयाने दिलेला नाही. हा गैरसमज मात्र बराच पसरलेला आहे. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देण्याचे मान्य करून वाद मिटवला. विधिमंडळाने पुढे यादीत अर्धविराम घातले व ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केले.

मराठीतील स्थिती

मोडी लेखनात विरामचिन्हे नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आजच्या मराठीत ‘आणि’, ‘व’ किंवा ‘अथवा’ यांपूर्वी यादीत स्वल्पविराम देत नाहीत. त्याची उणीवही फारशी भासत नाही, कारण मराठीत हे काम प्रत्यय व दर्शक शब्द करतात. ‘रमेश आणि सुरेश या भावांचे आभार मानले’ आणि ‘भावांचे, रमेशचे आणि सुरेशचे आभार मानले’ या वाक्यांची गल्लत होत नाही. इंग्रजी नामांना असे विभक्तिप्रत्यय नसल्याने तेथे भार शब्दक्रमावर आणि चिन्हांवर पडतो.

नवशिक्यांकडून होणारी खरी चूक वेगळीच असते. यादीत दोनच नामे असतानाही ‘ॲण्ड’पूर्वी स्वल्पविराम दिला जातो, ऑक्सफर्डची शैलीही त्यास मान्यता देत नाही. दोन पूर्ण वाक्ये ‘ॲण्ड’ने जोडताना त्यापूर्वी येणारा स्वल्पविराम हा निराळा असून त्याचा या नियमाशी संबंध नाही.