जवळच्यांची साक्ष

यशवंतपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात मी वीसेक वर्षं हिशेब लिहिला. गोदाम ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्याचं. स्पीकरच्या काळ्या पेट्या, केबलची भेंडोळी, माइकचे स्टँड. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ट्रक भरायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे उतरवून घ्यायचा, तुटफूट मांडायची, हमालांची मजुरी चुकती करायची. पॅलेस ग्राउंड्स तिथून जवळ. २००३च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स त्या मैदानावर गाऊन गेले, २००७मध्ये आयर्न मेडन आले, २०११मध्ये मेटॅलिका. एवढ्या मोठ्या मंडळींना आमच्या पेट्या लागत नसत. आमचा माल गावोगावच्या आणि कॉलेजांतल्या कार्यक्रमांना जायचा. तरी पुण्याहून पाहुणे आले की हमखास विचारत, "तुम्ही तर या गायकांना जवळून पाहता. माणसं म्हणून असतात कशी?"

मला सांगता यायचं ते इतकंच, की एकाला रंगमंचावर कोमट पाणी लागायचं, दुसरा कार्यक्रमाआधी तासभर कुणाशी बोलायचा नाही, आणि तिसरा जाताना दिवे लावणाऱ्या पोरांना नमस्कार करून जायचा. पाहुण्यांचा विरस व्हायचा. त्यांना स्वभाव हवा असे, माझ्याकडे तपशील असत.

नोकरी संपल्यावर मी फ्रेडी मर्क्युरीबद्दल त्याच्या जवळच्यांनी सांगितलेलं, लिहिलेलं वाचू लागलो, ते या विरसाची आठवण ठेवूनच. जवळ असलेल्या माणसाला खरोखर काय कळतं? आणि त्याच्या सांगण्यातलं इतिहासाने काय घ्यावं, काय सोडावं?

फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, मूळचे गुजरातचे. वडील तिथल्या वसाहतीच्या सरकारात रोखपालाचं काम करत. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला समुद्रापलीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. पुढची बरीच वर्षं त्याची तिथेच गेली. सुट्टीत झांझिबार गाठणं नेहमी शक्य नसे, तेव्हा मुंबईला नातेवाइकांकडे जायचं. पियानो तो याच शाळेत शिकला. फारुखचा 'फ्रेडी' झाला तोही इथेच. जगाला ठाऊक असलेल्या नावाचा उत्तरार्ध लंडनचा आहे, पूर्वार्ध सातारा जिल्ह्यातला.

१९५८च्या सुमाराला शाळेतल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गिटारवर डेरिक ब्रांच, जे पुढे इंग्लंडमध्ये नट झाले आणि १९८५च्या 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' या चित्रपटात दिसले. बेसवर फरांग इराणी, ज्यांच्या 'बाउंटी सिझलर्स'मध्ये पुण्यातल्या कितीतरी कुटुंबांनी वाढदिवस साजरे केले असतील. ड्रमवर व्हिक्टरी राणा. ते नेपाळच्या सैन्यात जनरल झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुखही. गायक होते ब्रूस मरे. आणि फ्रेडी? तो मागे पियानो वाजवायचा आणि साथीला आवाज द्यायचा.

मी या साक्षीपाशी थांबलो. माणूस जगप्रसिद्ध झाला की त्याचं बालपण मागे जाऊन दुरुस्त केलं जातं. शाळेच्या पायरीवर बसलेला मुलगासुद्धा लोकांना मग वेम्ब्लीच्या मंचावर उभा दिसू लागतो. सांगणारे खोटं बोलतात असं नाही. पुढचं माहीत असल्यामुळे मागच्याला आपोआप झळाळी येते. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं फ्रेडी लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, ही शाळासोबत्यांची आठवण खरी असेल. पण ती दंतकथेच्या सोयीची आहे, म्हणून जरा हात राखून घ्यावी. तो मुख्य गायक नव्हता, ही आठवण मात्र कुणाच्याच सोयीची नाही. पुढे ज्याच्या आवाजावर जग डोलणार होतं, तो त्या वेळी मागे बसला होता. असं मुद्दाम कोण रचेल? प्रसिद्धीच्या उलट्या दिशेने जाणारी आठवण जास्त भरवशाची, हा धडा मला गोदामाच्या वहीनेही दिला होता. स्वतःच्या हातून तुटलेल्या पेटीची नोंद जो करतो, त्याच्या बाकीच्या नोंदी मी तपासत बसत नसे.

आता दुसऱ्या टोकाची साक्ष. पीटर फ्रीस्टोन लंडनला रॉयल ऑपेरा हाउसच्या कपडेपटात काम करत. ऑक्टोबर १९७९मध्ये फ्रेडी रॉयल बॅलेच्या मंडळींबरोबर एका मदतनिधीच्या कार्यक्रमात उतरला, त्या निमित्ताने दोघांची गाठ पडली. थोड्याच दिवसांत फ्रीस्टोन 'क्वीन'च्या दौऱ्यावर कपडे सांभाळायला गेले, आणि मग फ्रेडीचे खासगी साहाय्यक झाले. गायकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षं, ते त्याच्याबरोबर होते. या काळाच्या आठवणी त्यांनी नंतर पुस्तकात लिहिल्या.

त्यांचं काम काय होतं? फोन घेणं, बिलं भागवणं, खरेदी, स्वयंपाक, पाहुण्यांची सरबराई, प्रवासाची बांधाबांध. हे पगारी जवळपण आहे. मित्र रागावून घरी जाऊ शकतो. पगारी माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी परत चहा करतो. म्हणून त्याला रोजचा माणूस दिसतो, जो मित्राला किंवा चाहत्याला दिसत नाही. पण त्याच जवळपणामुळे त्याच्या सांगण्याला मर्यादाही येते. कामाचा एक भाग गप्प राहणं हा असतो आणि ती सवय काम संपल्यावरही सुटत नाही. फ्रेडीच्या आजारपणात हा भाग सगळ्यात जड झाला. केन्सिंग्टनमधल्या 'गार्डन लॉज' या त्याच्या घरापुढे बातमीदार ठाण मांडून होते. आत दोनचार माणसं शुश्रूषा करत होती आणि दारात तोंड बंद ठेवत होती. आपल्याला एड्स झाल्याचं निवेदन फ्रेडीने २३ नोव्हेंबर १९९१ला जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५.

पाचगणीचे सोबती आणि लंडनचे साहाय्यक यांच्यामध्ये एक मोठी पोकळी आहे, आणि ती खुद्द गायकाने ठेवलेली आहे. आपल्या भारतातल्या वर्षांबद्दल तो मुलाखतींत क्वचितच बोलला. आपल्याकडे याचा राग धरणारे आहेत: "आमच्या मातीत वाढला आणि आमचं नाव घेतलं नाही." मला हा राग उतावीळ वाटतो. जानेवारी १९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला, लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये आलं. १९६८मध्ये ब्रिटनने पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई लोकांची वाट अडवणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनॉक पॉवेल यांचं स्थलांतरितांविरुद्धचं भाषण गाजलं. फारुख त्या वेळी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कला शिकत होता आणि बँड शोधत होता. अशा शहरात, अशा वर्षी, विशीतल्या मुलाने आपलं मूळ गाव ओठांवर आणलं नाही, तर त्याला कृतघ्न म्हणण्याआधी आपण त्या शहरात काही दिवस काढून बघावेत. तो शब्दांत बोलला नाही, एवढंच आपल्याला म्हणता येतं. त्याच्यावरचे अंत्यसंस्कार लंडनच्या दाहगृहात पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केले. बोलणं टाळलेलं बालपण त्या सकाळी तिथे हजर होतं.

आणखी एक पोकळी मात्र त्याने ठेवलेली नाही. ती आपली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी यशवंतपूरहून रात्रीच्या गाडीत बसलो. हुबळी, बेळगाव, मिरज करत सातारा. तिथून एसटीने वाई आणि पसरणीचा घाट. पाचगणीत सिल्व्हर ओकची उंच झाडं अजून रांगेने उभी आहेत. शाळेच्या आत जायचा माझा विचार नव्हता. बाहेर चहा घेत मी त्या झाडांखालून येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐकत बसलो. आत कुठलीही भाषा चालो, रस्त्यावरची भाषा मराठी होती. निवासी शाळा काही नुसत्या शिक्षकांवर चालत नाहीत. शेकडो मुलांच्या भाकऱ्या-पोळ्या कुणीतरी भाजतं, चादरी धुतं, पहाटे पाणी तापवतं, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवतं. आईपासून हजारो मैल दूर असलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या सगळ्यात जवळ रोज कोण असेल, तर ही माणसं. त्याला लंडनमध्ये फ्रीस्टोन होते. इथे कोण होतं?

मी वाचलेल्या आठवणींत अशा एकाही माणसाचा आवाज मला आढळला नाही. सोबत्यांना विचारलं गेलं, कारण ते इंग्रजीत सांगू शकत होते आणि पुढे नावारूपाला आले. साहाय्यकाने पुस्तक लिहिलं, कारण त्याच्या मालकाची कीर्ती तोवर जगभर पसरली होती. १९५८चा स्वयंपाकी, त्या वेळी तिशीत असला तरी, आज हयात असणं अवघड आहे. त्याची मुलं, नातवंडं असतील. "आमचे आबा त्या शाळेत होते, एक पुढच्या दातांचा पोरगा पेटीसारखं काहीतरी वाजवायचा, जेवायला उशिरा यायचा," असं कुणी ऐकलं असेल, किंवा नसेलही. पण तो प्रश्न मराठीत विचारायला हवा होता, आणि विचारायची सोय आपल्यालाच होती. फ्रेडी आपल्याबद्दल बोलला नाही, असं म्हणणाऱ्यांनी हेही मान्य करावं, की आपणही आपल्या माणसांना विचारलं नाही.

परत आल्यावर मी माळ्यावरच्या ट्रंकेतून गोदामाच्या जुन्या मजुरीच्या वह्या काढल्या. मालकाने रद्दीत टाकायला सांगितल्या होत्या, मी घरी आणल्या होत्या. प्रत्येक कार्यक्रमापुढे तारीख, ट्रकचा नंबर, आणि पेट्या वाहणाऱ्यांची नावं: कन्नड, तमिळ, दखनी, मराठी, चारी भाषांतली. कुणाच्या नावापुढे सही, कुणाच्या पुढे अंगठा. त्या रात्री कोण गायलं, ते मात्र मी बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नाही. मजुरीच्या हिशेबात त्याचं काम नव्हतं.

त्यातले काहीजण अजून यशवंतपुरातच राहतात. पुढच्या आठवड्यापासून एकेकाकडे जाऊन बसणार आहे. वही बरोबर नेईन.